निळे होण्यास लागणारा काळ

मेकनेस, मंगळवार, १२ मार्च

आज रमजानचा प्रथम दिवस, आणि आजच या दैनंदिनीचा शुभारंभ. पहिल्या घटनेची नोंद घेण्यास अखिल राष्ट्र समर्थ आहे. दुसरीची जबाबदारी मजवर येऊन पडते. थोर शास्त्रज्ञांच्या दैनंदिन्या त्यांच्या पश्चात प्रकाशित होतात असे ऐकतो. ते 'पश्चात' येण्यापूर्वी काही पाने लिहून झालेली असावीत, हा दूरदर्शी विचार.

अठरा वर्षे मी एकच उद्योग करीत आहे: सूर्यप्रकाश गिळून वीज देईल असे बहुवारिक रचणे. बहुवारिक म्हणजे रेणूंची लांबलचक माळ. माझ्या माळेत एक मणी दाता, दुसरा याचक, असे एकाआड एक ओवलेले असतात. प्रकाश पडला की दाता इलेक्ट्रॉन सोडतो, याचक तो उचलतो, आणि या दानधर्मातून वीज वाहते. हे द्रव्य शाईसारखे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर पसरता येते, काचेच्या जड सौरपाट्यांची गरज उरत नाही. निदान उरू नये, अशी इच्छा आहे. आजच्या रचनेस मी 'तौफीक-सत्तावीस' हे नाम दिले. माझी संशोधक विद्यार्थिनी गिझलान तिला नुसते 'सत्तावीस' म्हणते. नव्या पिढीस विशेषणांचा कंटाळा.

प्रयोगशाळा-साहाय्यिका लल्ला रकिया, म्हणजे रकियाबाई, सव्वीस वर्षे येथे आहे. म्हणजे मी तिच्या प्रयोगशाळेत काम करतो. रमजानसाठी शासनाने रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली. वर्षभर लांबवलेली घटका परत मिळाल्याच्या आनंदात रकियाने काल स्टुलावर चढून भिंतीवरील घड्याळ स्वहस्ते मागे केले. तापनयंत्राचे घड्याळ कसे फिरवायचे हे कोणासच ठाऊक नाही, कारण त्याची पुस्तिका पंधरा वर्षांपूर्वी गहाळ झाली. सबब तापनयंत्र रमजान पाळत नाही.

उत्प्रेरक मी स्वतः घातला.

"उस्ताद, मी घालते ना," गिझलान म्हणाली. "तुमचा हात थरथरतोय. कॉफी नाही ना पोटात."

"उत्प्रेरक घालणे हा विधी आहे, गिझलान. विधी ज्येष्ठाने करावयाचा असतो."

"करा मग. पण नळीत घाला, टेबलावर नको."

नळीतच घातला. आरंभाची वेळही नोंदवहीत मीच लिहिली, तापनयंत्राच्या हिरव्या आकड्यांवरून: १०:००. भिंतीवरील घड्याळास सेकंदकाटा नाही आणि मी अचूकतेचा उपासक आहे. तदनंतर मस्तकशूळामुळे माझ्या खोलीत नेत्र मिटून चिंतन केले. दोन वाजता गिझलानने क्रिया थांबवली आणि खाली तिची वेळ लिहिली. चार तास. समासात रकियानेही काहीबाही खरडले आहे; तिची ती सवय जुनी आहे.

शुक्रवार, २२ मार्च

चौदा. सूर्याने शंभर दिले, तर काचेवर पसरलेल्या आमच्या पटलाने त्यातले चौदा वीज म्हणून परत केले. आजवर आमची मजल नऊपर्यंत होती. गिझलानने तीनदा मोजले, मग सूर्याची नक्कल करणारा दिवा बदलला, मग चौथ्यांदा मोजले. चौथ्यांदाही चौदा आल्यावर ती खुर्चीवर बसली. तिच्या चार वर्षांच्या प्रबंधास आज कणा मिळाला.

"शंभरात चौदा?" रकिया म्हणाली. "परीक्षेत विसात चौदा असते तर पोराला सायकल घेतली असती."

मी तिला या आकड्याचे जागतिक महत्त्व विशद करू लागलो. ती रोजा सोडायच्या हरीरा-कढणासाठी मसूर भिजत घालायचे आहेत असे सांगून निघून गेली.

यशाचे कारण स्पष्ट आहे. सत्तावीसच्या याचक मण्याची पार्श्वशाखा मी एका कार्बनाने दूर सरकवली. त्यामुळे माळा एकमेकींस बिलगून निजतात. हा विचार मला स्नान करताना सुचला होता. स्नानगृहास स्मृतिफलक लावण्याचा प्रस्ताव मी तूर्त मांडणार नाही.

बेल्जियममधील आमचे सहकारी प्रा. डेक्लर्क यांस कृती आणि आकडे पाठवले. शोधनिबंधावर तीन नावे: गिझलानचे, माझे, त्यांचे.

सोमवार, १५ एप्रिल

ईद झाली. शासनाने घड्याळे काल पुन्हा पुढे ढकलली. रकियाने पुनश्च स्टुलावर चढून जे उद्गार काढले ते शासनास उद्देशून होते आणि येथे लिहिण्याजोगे नाहीत. तापनयंत्राचे घड्याळ मात्र काही न करता बरोबर झाले. जो स्वस्थ राहतो त्यास काळ स्वतःच शोधत येतो, हे तत्त्व माझ्या स्वभावास अनुकूल आहे.

गुरुवार, २ मे

सत्तावीसची दुसरी खेप: पाच. तिसरी: सहाला किंचित कमी.

कृती तीच. द्रव्ये तीच. चार तास तेच. मी गिझलानला सांगितले की निसर्ग लाजाळू असतो. ती म्हणाली, "उस्ताद, मार्चमध्ये नव्हता."

सोमवार, १३ मे

डेक्लर्क यांचे पत्र. त्यांच्याकडे दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा पाच. पत्र अत्यंत सभ्य आहे, आणि सभ्य पत्रेच घातक असतात. 'मार्चमधील मापनाबाबत खुलासा' ते मागतात. जूनअखेर तो न मिळाल्यास ते निबंधावरून नाव काढून घेतील.

दुपारी अधिष्ठाता सि, म्हणजे श्रीयुत, बुशऐब यांनी बोलावले. पत्राची प्रत त्यांच्याकडेही गेली होती.

"सि तौफीक, पोरगी हुशार आहे, मान्य," ते म्हणाले. "पण चौदाचा आकडा एकदाच आला आणि तो तिनेच मोजला. पुन्हा कोणालाच येत नाही. लोक काय म्हणतील?"

"लोकांना मापनशास्त्राचे ज्ञान नसते."

"समितीला असतं. आकडा उभा राहिला नाही तर प्रबंध उभा राहणार नाही. जुलैची तिची परीक्षा मी कागदावर तशीच ठेवलीय. तुम्ही सांगेपर्यंत."

मी बाहेर आलो तेव्हा गिझलान जिन्यात उभी होती. निसर्गाच्या लाजाळूपणाचा विषय मी काढला नाही.

बुधवार, २२ मे

शास्त्रीय जिज्ञासेने या प्रयोगशाळेचा पूर्ण ताबा घेतला आहे. प्रश्न असा: मार्चमधील त्या मंगळवारी असे काय होते, जे आज नाही?

गिझलानने फळ्यावर यादी केली. त्या दिवशी द्रावकाची बाटली जुनी होती; तळाशी उरलेले बोटभर द्रावक तिने शोधून काढले. त्या दिवशी पूर्वेकडची खिडकी उघडी होती, उघडली. त्या दिवशी शीतनळीतले पाणी टाकीचे होते, नगरपालिकेचे नव्हे. रकियाने टाकी भरली. मी सुचवले की आम्ही सारे तेव्हा उपाशी होतो आणि श्वासातील बाष्पाचे प्रमाण भिन्न असावे. ही सूचना विनोद म्हणून केली होती. गिझलानने ती फळ्यावर लिहिली.

"माझे रमजानचे चार रोजे राहिलेत," ती म्हणाली. "आज एक करून टाकते. विज्ञानाचंही काम होईल."

"आणि उस्ताद?" रकियाने विचारले.

"मी नियंत्रण-नमुना आहे, तुलनेसाठी एक पोट भरलेले हवे," असे सांगून मी मसेमनच्या पोळ्या आणि मधाची वाटी घेऊन खोलीत गेलो. नियंत्रण-नमुना भक्कम असावा लागतो.

क्रिया दहाला सुरू, दोनला बंद. दोन दिवसांनी मापन होईल. रकियाचे मत असे की त्या दिवशी रमजानची बरकत होती आणि बरकत उसनी मिळत नाही. अठरा वर्षांच्या अनुभवानंतर हे गृहीतक मी हसून उडवू शकत नाही, ही माझी शोकांतिका.

शुक्रवार, २४ मे

पाच पूर्णांक आठ.

मंगळवार, २८ मे

जे लिहितो ते लिहावयास नको होते. परंतु दैनंदिनीशी असत्य बोलावयाचे तर मग वृत्तपत्र काय वाईट?

काल दिवसभर माझ्या मनात एकच विचार होता: चौदाचा आकडा तिने खरोखर पाहिला का? मी त्या वेळी प्रयोगशाळेतच होतो, पण दिव्याखालची काच तिनेच ठेवली होती आणि पडद्यावरचा आकडा वाचून तिनेच सांगितला होता. मुलगी अझरूसारख्या डोंगरगावातून एकटी आली, चार वर्षे राबली. माणूस थकतो. थकलेल्या माणसास आकडे दिसू लागतात.

आज तिला विचारले. शक्य तितक्या प्रशस्त वाक्यरचनेत विचारले.

ती म्हणाली, "उस्ताद, हे तुम्ही तीन वाक्यांत विचारलंत. सरळ विचारा ना, खोटा आकडा लिहिलास का?"

"मी असे म्हटले नाही."

"म्हटलंत. सुंदर म्हटलंत." तिने मार्चचा मूळ नमुना पेटीतून काढला. काचेवरचे पटल अद्याप गर्द निळे होते. दिव्याखाली ठेवले. मला खुर्चीवर बसवले आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. "तुम्हीच वाचा."

तेरा पूर्णांक सहा. दोन महिन्यांनंतर.

मी वाचले. तिने नमुना परत पेटीत ठेवला आणि हात धुवायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

रकियाने दिवसभर मला चहा दिला नाही. संध्याकाळी टेबल पुसताना म्हणाली, "सव्वीस वर्षांत या खोलीत पुष्कळ काचा फुटल्या, सि तौफीक. त्या सगळ्या मी झाडल्या. आज फुटली ती तुम्ही झाडा."

ती कोणत्या काचेविषयी बोलत होती हे मला समजले. ती कशी झाडतात, हे समजले नाही.

सोमवार, ३ जून

नमुना खरा, मग कृती खोटी? हे कोडे मला आता झोपेपेक्षा प्रिय झाले आहे. पार्श्वशाखेचे गणित पुन्हा केले. शाखा निर्दोष आहे.

एक क्षुल्लक तक्रार: गिझलान अलीकडे अव्यवस्थित झाली आहे. मार्चची नोंदवही माझ्या टेबलावर उघडीच ठेवून जाते, आणि नेमकी त्याच पानावर. आज तिसऱ्यांदा. मी प्रत्येक वेळी ती मिटून कपाटात ठेवतो. शिस्त ही विज्ञानाची जननी आहे.

ती व रकिया गेल्या गुरुवारपासून एकमेकींशी हळू आवाजात बोलतात आणि मी आलो की आकाशाच्या रंगाविषयी बोलू लागतात. माझ्या प्रश्नामुळे मन दुखावले आहे, हे उघड आहे. यावर मी चिंतन करीन.

गुरुवार, ६ जून

आज मी एक महान शोध लावला.

सकाळी गिझलान म्हणाली, "उस्ताद, आजच्या खेपेला तुम्हीच बसा. लाल द्रावण निळं झालं की वेळ लिहा. बाकी काही करू नका."

"हे काम कोणीही करू शकेल."

"म्हणूनच सांगतेय."

मी बसलो. दहाला आरंभ. भिंतीवरही दहा, यंत्रावरही दहा, माझ्या मनगटावरही दहा. प्रारंभी द्रावण लाल असते. माळा लांबू लागल्या की जांभळे, आणि एका विवक्षित क्षणी निळे. कित्येक वर्षांत हे प्रथमच बसून पाहिले. आमच्या पदावर रंग पाहावयाचे नसतात, रंगांचे आलेख पाहावयाचे असतात. फार सुंदर दिसते. एक वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास मशिदीतून दुपारची अजान झाली. ती संपून थोडा वेळ गेला आणि नळी निळी झाली. एक वाजून पस्तीस मिनिटे. साडेतीन तासांहून किंचित अधिक.

"त्या दिवशीही असंच," कोपऱ्यातून रकिया म्हणाली. "अजान संपली आणि निळं झालं. मी लिहून ठेवलंय."

नोंदवही टेबलावर उघडीच होती. समासात तिचे अक्षर: 'दुपारची अजान संपताच निळे.' मी प्रथमच वाचले.

मार्चमध्ये, रमजानच्या घड्याळाने, दुपारची अजान साडेबाराला होत असे. दहाला आरंभ, साडेबाराला निळे: अडीच तास. आज साडेतीन. मी ही वजाबाकी तीनदा केली. तोच रेणू मार्चमध्ये एक तास घाई का करील? रेणूस कुठे बस पकडावयाची असते?

अजान सूर्यावर चालते. सूर्य रमजानसाठी मागे सरकत नाही. रेणूही सरकत नाही. सरकते ते केवळ घड्याळ, आणि मार्चमध्ये या खोलीत दोन घड्याळे होती: एक सरकलेले, एक न सरकलेले. आरंभ यंत्रावरून लिहिला, शेवट भिंतीवरून. यंत्राचे दहा म्हणजे भिंतीवरचे नऊ. क्रिया चार तास नव्हे, पाच तास चालली होती.

आणि या क्रियेत शेवटचा तासच सारे काही घडवतो. आधी सुटे मणी जुळतात, मग छोट्या माळा. सर्वांत अखेरीस माळा माळांना जुळतात आणि त्यांची लांबी झपाट्याने वाढते. आम्ही, बेल्जियमने, सर्वांनी, त्या अखेरच्या लग्नघटिकेपूर्वीच मंडप मोडला.

सूर्यावर उपजीविका करणाऱ्या माणसास वेळ सूर्याने सांगावी लागली. मी उठून उभा राहिलो आणि हा शोध दोघींस साधारण पंधरा मिनिटांत निवेदन केला.

"अरे वा," गिझलान म्हणाली.

"उस्ताद, बसा. चहा देते," रकिया म्हणाली. दहा दिवसांनी प्रथमच.

"कोणीतरी यंत्रावरून वेळ लिहिली," मी समारोप केला.

"कोणीतरी," गिझलान म्हणाली आणि नोंदवही मिटून घेतली.

शुक्रवार, ७ जून

मी काल पाच तासांच्या खेपेची आज्ञा दिली आणि आज दुपारी, शुक्रवारच्या कुसकुसच्या जेवणाआधीच, मापन माझ्यासमोर आले: चौदा पूर्णांक दोन. धुणे, वाळवणे आणि काचेवर पसरणे यांस एरवी दोन दिवस लागतात; तिने ते एका रात्रीत केले. योग्य मार्गदर्शन लाभले की तरुण हात किती त्वरेने चालतात याचे हे उदाहरण.

कुपीवरील चिठ्ठीत मात्र तिने ३० मे ही तारीख लिहिली आहे. धांदलीत चूक झाली असावी. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

मंगळवार, ११ जून

डेक्लर्क यांस पत्र पाठवले. त्यातील मुख्य वाक्य मजकडून सात वेळा संस्कारित झाले: 'ऋतुपरत्वे प्रचलित कालगणनेतील भेदामुळे नोंदींमध्ये एका तासाची विसंगती उद्भवल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून समाधान वाटले. या वाक्यात विसंगती पावसासारखी आकाशातून पडते. कोणाच्या हातून घडत नाही.

गिझलानने वाचले. "छान आहे. यात माणूसच नाही."

"शास्त्रीय लेखनात माणसास स्थान नसते."

तिने पत्र माझ्या टेबलावर ठेवले. ती गेल्यावर मी नोंदवही पुन्हा काढली. १०:००. एकाला शेपटी, शून्यांना वळण. अक्षर सुंदर आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे आहे. हे मी गुरुवारीच पाहिले होते. येथे लिहिले नाही इतकेच.

गुरुवार, २० जून

डेक्लर्क यांचे उत्तर: पाच तास, साडेतेरा. अभिनंदन. नाव कायम ठेवतात.

मी हे पत्र घेऊन सि बुशऐब यांच्याकडे गेलो, विजयी सेनापती ज्या गतीने जातो त्या गतीने. बकरी ईद नुकतीच झाल्याने ते मांसाहाराने सुस्त होते, पण पत्र त्यांनी पूर्ण वाचले.

"आकडा उभा राहिला, छान. पण नोंदवही चुकीची होती ना? नोंदवही उमेदवाराच्या ताब्यात असते. समितीतले दोघं म्हणतात, जिला वेळ नीट लिहिता येत नाही तिला डॉक्टर कसं करायचं? वर्षभर थांबू दे तिला."

एक वर्ष. तिची शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपते. तदनंतर अझरूला परत, शाळेत गणित शिकवणे, आणि सत्तावीस दुसऱ्या कोणाच्या हाती.

"विसंगती उद्भवली होती," मी म्हणालो.

"उद्भवली हो. कोणाकडून? बुधवारी समितीपुढे एवढंच सांगा. तिच्याकडून झाली असेल तर वर्षभर थांबेल. तुमच्याकडून..." येथे ते हसले. "तुमच्याकडून असेल तर काय, प्रश्नच मिटला. पण तुम्ही आणि वेळ चुकणार."

अचूकतेचा उपासक अशी माझी ख्याती आहे. ती मी स्वतःच पसरवली आहे.

रविवार, २३ जून

बुधवारसाठी निवेदन लिहिले. चार पृष्ठे. आरंभी मानवजातीच्या कालमापनाचा इतिहास, मध्ये पाण्याची घटिकायंत्रे, नंतर बहुवारिकीकरणाची गती. तिसऱ्या पृष्ठाच्या अखेरीस एक वाक्य येते ज्यात मी आहे, पण मलाही तो 'मी' शोधावा लागला.

गिझलानला सांगितले की बुधवारी मी बोलेन. तिने विचारले, "माझ्याबद्दल?"

"विसंगतीबद्दल."

"बरं," ती म्हणाली. "मी अझरूच्या शाळेला अर्ज लिहिलाय, उस्ताद. पाठवला नाही अजून. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मंगळवार, २५ जून

निवेदन दोन पृष्ठांवर आणले. पाण्याची घटिकायंत्रे गेली. दुःख झाले.

बुधवार, २६ जून

समितीची बैठक अकराला. सि बुशऐब मध्यभागी, डावीकडे दोघे, उजवीकडे दोघे. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि मार्चची नोंदवही. गिझलान मागच्या रांगेत. तिच्या शेजारी रकिया, जिला बैठकीस बोलावणे नव्हते आणि जिला बाहेर जाण्यास सांगण्याचे धैर्य कोणात नव्हते.

"सि तौफीक, आपण खुलासा करणार होतात," सि बुशऐब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. डावीकडच्या सभासदाने घड्याळ काढून टेबलावर ठेवले. माझ्या भाषणांस तो नेहमीच तसे करतो. कोणीतरी बाटलीचे झाकण उघडले.

मी उभा राहिलो. दोन पृष्ठे हाती होती. पहिली ओळ डोळ्यांपुढे होती आणि ती उत्तम होती. तिच्यामागे इतर ओळी शिस्तीने उभ्या होत्या, आणि त्या सर्वांच्या मागे, पार टोकाला, ती मुलगी अर्ज न पाठवता बसली होती.

कागद खाली ठेवले.

"आरंभाची वेळ मी लिहिली," मी म्हणालो. "चुकीच्या घड्याळावरून लिहिली. शेवटची वेळ गिझलानने लिहिली. ती बरोबर आहे. मी लिहिलेली चूक आहे हे मला कळले, तेही या दोघींमुळे."

आणि बसलो.

कोणी हलले नाही. सि बुशऐब लेखणी हातात धरून, मान किंचित तिरपी करून, प्रसन्न मुद्रेने माझ्याकडे पाहत राहिले. उजवीकडच्या वृद्ध सभासदाने पाण्याचा दुसरा पेला भरून घेतला. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले की ते सर्वजण थांबले आहेत. वीस वर्षांच्या परिचयामुळे त्यांची अशी समजूत झाली होती की आता प्रास्ताविक संपले.